आंग्रेकालीन

अलिबागमधल्या आमच्या घराला 'वाडा' म्हणणारी माणसं जगात दोनच. एक माझे वडील आणि दुसरा मी. वडील १९८६ साली गेले, तेव्हापासून ही जबाबदारी माझ्या एकट्यावर आहे. बाकीचं गाव त्याला 'ते कोपऱ्यावरचं जुनं घर' म्हणतं, पोस्टमन 'माडांच्या मागचं' म्हणतो, आणि आमची ही त्याला कुठलंच नाव देत नाही. 'ह्याचं आता काही खरं नाही' असं ती म्हणाली म्हणजे घर समजायचं, आणि 'ह्यांचं आता काही खरं नाही' असं म्हणाली म्हणजे मी. फरक एका अनुस्वाराचा. पाऊस जोराचा असला की तो अनुस्वार मला ऐकू येत नाही.

घराचा आणि इतिहासाचा संबंध वडिलांनी विकत घेतला. विकत म्हणजे अक्षरशः. ते इथल्या कलेक्टर कचेरीत होते. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड व्हायला १९८१ साल उजाडायचं होतं. १९६३ साली एका नारळाच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी हे घर घेतलं. व्यापाऱ्यानं साडेचार हजार सांगितले, वडील चारच्या वर सरकेनात. शेवटी व्यापारी खांबावर थाप मारून म्हणाला, "भाऊसाहेब, आंग्रेकालीन आहे हो!" वडिलांनी मुकाट्यानं साडेचार हजार मोजले. ते पाचशे रुपये आंग्र्यांचे. सरखेल कान्होजी आंग्र्यांनी समुद्रात भल्याभल्यांकडून वसुली केली. पण मरणानंतर दोनशे चौतीस वर्षांनी एका हेडक्लार्ककडून केलेली ही त्यांची बहुधा शेवटचीच वसुली असावी.

वडिलांना मी दोष देत नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं मुंबईला नोकरी केली आणि त्या पस्तीस वर्षांत 'अलिबागहून आलायस का?' हा प्रश्न पस्तीस हजार वेळा तरी ऐकला. हा प्रश्न विचारायला बंदी घाला म्हणून २०१९ साली एक गृहस्थ उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं याचिका फेटाळली. तेव्हा अलिबागच्या माणसाला पाठीशी कुणीतरी दणकट लागतो. आणि कान्होजींइतकं दणकट कोण? १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. रेवसच्या लाँचमध्ये कुणी मला 'अलिबागहून का?' म्हटलं, की मी म्हणत असे, "हो. आमचा तिकडे आंग्रेकालीन वाडा आहे." समोरचा गप्प बसे. निदान भाऊचा धक्का येईपर्यंत तरी.

आता वाडा दाखवतो. या.

काळ्या दगडाचं कमरेइतकं उंच जोतं, पाच पायऱ्या, मग पडवी आणि पडवीतून आत ओटी. ओटीवर सागवानी खांब सहा. प्रत्येकाच्या पायाशी दगडी तळखडा, वर खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचा, म्हणजे खाली फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला, डोक्यावर केळफूल, आणि दोन-दोन खांबांच्या मध्ये लाकडी महिरप. शनिवारवाड्याची, विश्रामबागवाड्याची चित्रं पाहिली असतील तर तशीच. फक्त आमच्या महिरपींवर वाळत घातलेले टॉवेल असतात. डावीकडचे दोन खांब सगळ्यांत सुबक. त्यांच्यावरची पानं अशी धारदार, की ही पुसताना फडकं अडकतं. पाहुण्यांना मी नेहमी त्या दोघांपाशी उभं करून म्हणायचो, "हे अस्सल. ही कारागिरी आता होणे नाही." माथ्यावर कडीपाट. मधोमध झोपाळा, त्याला पितळी कड्या. खिडक्यांच्या वर अर्धगोलात तांबड्या, निळ्या, हिरव्या काचा. दुपारी साडेचारला त्यांच्यातून ऊन येतं आणि झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं एक कान तांबडा आणि एक हिरवा करून टाकतं. आत माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, विहीर, आणि मग नारळी-पोफळीची वाडी.

हे झालं सरळ. पण घरात तीन गोष्टी अशा होत्या, की त्यांचा खुलासा वडिलांनाही व्यापाऱ्यानं करून दिला नव्हता. पहिली, मुख्य दाराच्या वरची गणेशपट्टी. तिच्यावर गणपतीच नाही. मधोमध एक कमळ आहे, तेही जरा ओशाळल्यासारखं. दुसरी, दाराची उजवी चौकट. खांद्याच्या उंचीला बोटभर लांबीची एक फिकट जागा, तिच्या वर एक आणि खाली एक अशी खिळ्याची दोन भोकं. तिसरी, माजघराच्या तुळईला असलेला लोखंडी आकडा. झोपाळ्याला दोन आकडे लागतात, पाळण्याला एवढा नाजूक चालत नाही. हिनं त्याला पांढऱ्या कांद्यांची माळ अडकवून प्रश्न सोडवला होता. मी मात्र इतिहासाकडे वळलो. हे घर आंग्र्यांच्या आरमारातल्या सरदाराचं, तेव्हा गणपती कोरायला घेतला आणि तेवढ्यात मोहीम निघाली. चौकटीवर मशाल लावायची कडी होती. आणि आकड्याला तलवार टांगत. घरात इतिहास असला की असं भराभर सुचत जातं.

पहिला हादरा बसला ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाचा. ते कोरोनाचे दिवस. सरकार सांगत होतं घरात बसा, आणि घर तर उडून जात होतं. आम्ही दोघं माजघरात डोक्यावर पाट धरून बसलो. दुपारी वारा पडल्यावर बाहेर येऊन पाहतो तो ओटीवर आकाश. वाडीतले अकरा माड आडवे, आणि कौलं शेजारच्या तीन घरांत वाटून दिल्यासारखी पसरलेली. ही म्हणाली, पत्रे घाला. कोकणच्या पावसात पत्र्याखाली राहणं म्हणजे ताशाच्या आत राहणं. मी कौलांचा हट्ट धरला. गावात सगळ्यांचीच कौलं एकाच दिवशी गेलेली, त्यामुळे कौलं मिळेनात आणि कौलारू माणूस तर त्याहून मिळेना. प्लास्टिकचा निळा कागद अंथरून अख्खा पावसाळा काढला. त्या काळात घरात सगळेच निळे दिसायचो.

वाडीतून कौलं गोळा करताना एक अखंड कौल मी उलटं केलं, तर त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं: 'बासेल मिशन टाइल वर्क्स', आणि आकडा १८६५. कान्होजी गेले १७२९ साली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते कौल विहिरीमागे, अळवाच्या बेटात ठेवून दिलं.

ते सापडलं एका मुलीला. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका आर्किटेक्चर कॉलेजची पाच मुलं जुन्या घरांची मोजमापं घेत फिरत होती, ती आमच्याकडे आली. मला कोण आनंद! मी चहा सांगितला. त्यांच्याजवळ एक लहानसं यंत्र होतं. बटण दाबलं की भिंतीवर तांबडा ठिपका पडे आणि अंतर समजे. हिला तो ठिपका मुळीच आवडला नाही. तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा तिनं पदरानं दूध झाकलं.

मी सरदार, मोहीम, मशाल सगळं सांगितलं. एक चष्मेवाली मुलगी लिहून घेत होती. तिनं विचारलं, "काका, मशाल? लाकडाच्या चौकटीला? पेटली असती ना."

"आरमारातली माणसं," मी म्हटलं. "पाण्याची सवय होती."

ती विहीर मोजायला गेली आणि दोन्ही हातांत ते कौल घेऊन परत आली, बाळंतिणीचं मूल आणावं तशी. मंगलोरला जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि त्यानंतर ही चपटी कौलं किनाऱ्या-किनाऱ्यानं गलबतांतून सगळीकडे गेली, असं तिनं मला माझ्याच ओटीवर समजावून सांगितलं. त्याआधी इकडे कुंभाराचे नळे असत. मी म्हटलं, कौलं मागाहून घातली असतील. मग तिनं जमीन पाहिली. ओटीवर फुलांच्या नक्षीच्या सिमेंटच्या फरशा आहेत. "काका, ह्या तर याहूनही अलीकडच्या." म्हटलं, फरशाही मागाहून. "आणि हे असले सुरूचे खांब पेशवाईत जास्त. शनिवारवाड्याचा पाया घातला जानेवारी १७३० मध्ये, म्हणजे कान्होजी गेल्यावर सहा महिन्यांनी."

इथं मी हुकमाचं पान काढलं. कुलाबा किल्ल्यात आंग्र्यांचा वाडा होता. तो १७८७ च्या आगीत गेला. पण किल्ल्यात इतरही लाकडी बांधकामं होती, आणि राज्य खालसा झाल्यावर, १८४२ साली, इंग्रजांनी त्या लाकडाचा लिलाव केला. दगड नेले ते अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला. आज किल्ल्यात ओहोटीला चालत गेलात तर गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि वाड्यांची नुसती जोती आहेत. मग ते लाकूड गेलं कुठं? कुणीतरी अलिबागकरानंच घेतलं असणार ना? मी डाव्या खांबावर थाप मारली. व्यापाऱ्यानं मारली होती तशीच.

मुलीनं लिहून घेतलं आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. माझी दूरची नजर चांगली आहे.

तरीही मी डगमगलो नाही, कारण डगमगून चालणार नव्हतं. छपराला काढलेलं कर्ज फेडायचं होतं. मुंबईहून आता मांडव्याला गाडीसकट बोटीतून लोक येतात आणि त्यांना शनिवार-रविवार जुन्या घरात राहायची हौस असते, असं मुलानं पुण्याहून कळवलं होतं. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असं ठरलं. रंगारी बोलावला. बोर्डही त्यालाच सांगितला: 'आंग्रेकालीन वाडा. राहण्याची व घरगुती जेवणाची सोय.' बोर्डाचे पैसे त्यानं अक्षरावर लावले होते.

जानेवारीतली सकाळ. रंगारी घोड्यावर चढून दाराची चौकट रंगवत होता. भोकं त्यानं लांबी भरून बुजवली होती आणि वर तपकिरी ऑइलपेंटचा पहिला हात नुकताच दिला होता. दाराशी रिक्षा थांबली. तिच्यातून ऐंशीच्या पुढच्या एक बाई उतरल्या. फुलाफुलांचा झगा, पायांत पांढरे बूट, आणि बरोबर दाढीवाला उंच नातू. मला वाटलं, पहिलं गिऱ्हाईक. मी सदऱ्याची बटणं लावेपर्यंत बाई पाच पायऱ्या चढून आल्या सुद्धा. कुणाला काही विचारलं नाही. दाराशी आल्यावर त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, चौकटीवर बरोबर त्या जागेला बोटं टेकली, मग ती बोटं त्यांनी ओठांना लावली आणि आत आल्या.

रंगारी ओरडला, "ओ आजी, ओला आहे!"

बोटं तपकिरी, ओठ तपकिरी. ही धावत आतून खोबरेल तेल आणि कापूस घेऊन आली. बाईंनी ओठ पुसले, कापूस हुंगला आणि म्हणाल्या, "अजून खोबरेलच! बाय, ह्या घरात घाणा होता आमचा. परसात, विहिरीच्या अंगाला."

मराठी अशी, की माझ्या आजीनंतर मी ती ऐकली नव्हती. बाई बेने इस्राएल. कधी काळी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात बायका आणि सात पुरुष वाचले अशी ज्यांची कथा, ज्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना गावानं 'शनवार तेली' म्हटलं, ती ही माणसं. आमच्या गावाचं नावसुद्धा त्यांच्यातल्याच अली नावाच्या बागायतदाराच्या बागांवरून पडलं असं सांगतात. त्यांचं सिनेगॉग बाजारापासून लांब नाही. मी पस्तीस वर्षं रेवसच्या एसटीतून येताजाताना त्या बाजूला पाहत आलो आहे, पण आपल्या घराच्या चौकटीकडे त्या दृष्टीनं पाहावं हे कधी डोक्यात आलं नाही. बाई बारा वर्षांच्या असताना, १९५४ साली, सगळं कुटुंब इस्राएलला गेलं. आता खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या टाप्यावर मलिद्याला आल्या होत्या. खंडाळा म्हणजे हा आमचा, अलिबागजवळचा, घाटातला नव्हे. टाप्यावर जाऊन झालं, आता रिक्षावाल्याला वाट सांगत सांगत इथं.

मग बाईंनी घर पाहिलं. पाहिलं म्हणजे, सासूनं सुनेचं पाहावं तसं. चूल हलवली, ती का? न्हाणीचं दार त्या अंगाला होतं. माजघरातला आकडा त्यांना पाहताक्षणी दिसला, कांद्यांसकट. "शुक्रवारी सांज झाली की आई इथं काचेचा दिवा लावायची. खाली पाणी, वर खोबरेल. आम्हाला हात लावू द्यायची नाही." ही काही न बोलता स्टुलावर चढली आणि कांद्यांची माळ काढून घेतली. आकड्याला तलवार टांगत असत हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

चौकटीवरचा तो मझुझा होता. तोरातली वचनं हातानं लिहिलेला चामड्याचा तुकडा लहानशा डबीत घालून आत येताना उजव्या हाताच्या चौकटीला ठोकतात. जाता-येता त्याला हात लावायचा. "जाताना बाबांनी काढून नेला. आता माझ्या दाराला आहे, डिमोनाला. भोकं तेवढी न्यायची राहिली."

"आणि गणेशपट्टीवर गणपती..." मी चाचरत विचारलं.

बाई हसायला लागल्या. "आमच्या दारावर गणपती कसा असंल, भाऊ? आजोबांनी सुताराला सांगितलं, काही चित्र नको. सुतार म्हणाला, अगदी मोकळं बरं नाही दिसत, कमळ तरी काढतो."

फरशा त्यांच्या आत्याच्या लग्नात घातल्या, पडावातून उरणहून आणून. हे पटण्यासारखं होतं. सिमेंटच्या नक्षीच्या फरशा विलायतेहून कशाला आणायच्या, इथंच करू, म्हणून १९२२ साली दोन पारशी गृहस्थांनी भारत टाइल्सचा पहिला कारखाना काढला तो उरणलाच. म्हणजे माझी ओटी आंग्रेकालीन नसली तरी स्वदेशी होती. तेवढंच.

आता राहिले होते खांब. मी बाईंना डाव्या दोन खांबांपाशी नेलं. काही बोललो नाही. श्वास मात्र धरला.

"हे नवे," बाई म्हणाल्या.

"नवे?"

"थळला कुणाचा तरी मोडका वाडा काढत होते, तिथून आजोबांनी चार खांब बैलगाडीत घालून आणले. ओटीला पाहिजेत सहा. मग हे दोन इथल्याच सुतारानं केले, त्यांच्याकडे बघून बघून. आजोबा म्हणायचे, पोरानं जुन्यांपेक्षा बरे काढलेत. ते चार तसे ओबडधोबडच आहेत बघा."

"आणि थळच्या वाड्यात ते चार कुठून आले होते?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"ते देवाला ठाऊक. घर आजोबांनी बांधलं, १९०९ साली."

"म्हणजे आंग्रे..."

"आंग्रे? ते तिकडं ना, त्यांच्या वाड्यात!" बाईंनी हात बाहेर रस्त्याकडे केला. भाडेकरू चुकीच्या मजल्यावर आला म्हणजे करतात तसा.

मग त्या झोपाळ्यावर बसल्या. नातवानं फोनवर चित्रण केलं. त्याला मराठी येत नव्हतं, आजी रडते आहे की हसते आहे तेही त्याला नीट कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही. साडेचार वाजायला पुष्कळ अवकाश होता. ही म्हणाली, "मावशी, जेवूनच जा. उन्हं येईपर्यंत थांबा. काचेतलं ऊन येतं." मावशी थांबल्या. घावन, नारळाचं दूध आणि बटाट्याची भाजी झाली. साडेचारला त्यांचा एक कान तांबडा आणि एक हिरवा झाला आणि त्या, अगदी बारा वर्षांच्या मुलीनं सांगावं तशा, नातवाला काहीतरी त्यांच्या भाषेत सांगू लागल्या. ते मात्र आम्हाला न सांगता कळलं.

निघताना हिनं ती कांद्यांची माळ त्यांच्या पिशवीत घातली. विमानात चालतात की नाही, कोण जाणे. बाहेर पडताना बाईंचा हात पुन्हा वर गेला. या खेपेला रंग आठवून अर्ध्या वाटेवर थांबला, आणि मग तरीही टेकला.

रिक्षा गेल्यावर रंगारी मला दाराशी घेऊन गेला. सुकत आलेल्या रंगात तीन बोटांचे ठसे उमटले होते.

"शेठ, घासून पुन्हा मारायला लागंल."

"नको. तेवढी जागा राहू दे."

"आणि बोर्डाचं काय? 'आंग्रे' एवढं लिहून झालंय."

मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पुसा ते. 'जुनं घर' लिहा. अक्षरंही कमी लागतील."

रंगाऱ्यानं हिशेब केला, अक्षरांचे पैसे वजा केले. मग पुन्हा चौकटीकडे पाहून मान हलवली. दुसरा हात देताना मधेच एवढीशी जागा सोडून मारायचं म्हणजे जिकिरीचं काम, त्याचे वेगळे पडतील म्हणाला.

"किती?"

"पाचशे."

मी मुकाट्यानं मोजले.